अवधानाचा रोजमेळ

लातुरात ‘कोचिंग’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो ट्यूशन एरिया. पाठीवर दप्तरे घेतलेली मुले, नीटच्या निकालाचे भिंतभर फलक आणि संध्याकाळी रस्त्यावर मावणार नाहीत इतक्या सायकली. नांदेडच्या शिकवण्यांच्या वस्तीतही चित्र फारसे निराळे नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या यशातून ‘लातूर पॅटर्न’ हे नाव रूढ झाले आणि कोचिंग म्हणजे गुणांची चढाओढ, हा अर्थ मराठवाड्यात पक्का होऊन बसला. या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो मात्र येथे अद्याप पोहोचायचा आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या, चांगल्या चालत्या पेढीच्या मालकाला रोजची कामे वेळच्या वेळी हातावेगळी करता यावीत, म्हणून कोणीतरी पद्धतशीरपणे दिलेली साथ, हा तो अर्थ. ज्यांना या साथीची गरज आहे, त्यांतील काही जण त्याच ट्यूशन एरियात मुलाला सोडायला आलेले वडील असतात.

पुष्कळदा शोध लागतो तो अशाच वाटेने. मुलाचे लक्ष टिकत नाही म्हणून शिक्षक पालकांना बोलावतात, मुलाची तपासणी होते, डॉक्टर ‘एडीएचडी’ असे नाव सांगतात आणि लक्षणांची यादी वाचता वाचता वडिलांच्या ध्यानात येते की हे तर आपलेच चरित्र आहे. यात नवल काही नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या अवस्थेचा आनुवंशिक वाटा सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात असल्याचे दिसून आले आहे. मल्याळम अभिनेते फहाद फासिल यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले की त्यांचे निदान वयाच्या ४१ व्या वर्षी झाले. उशिरा समजणे ही या अवस्थेतील अपवादाची गोष्ट नव्हे.

एडीएचडी म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता. हे नाव नवे असले तरी अवस्था नवी नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्येच अशा मुलांविषयी व्याख्याने दिली होती. मूल मोठे झाले की हे आपोआप जाते, असा समज पुढे कित्येक दशके टिकून राहिला. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये निदानाचे निकष सुधारले, तेव्हा प्रौढांसाठी लक्षणांची आवश्यक संख्या सहावरून पाचवर आणली आणि लक्षणांचा आरंभ बाराव्या वर्षापूर्वी झालेला असावा, अशी अट ठेवली. ‘तारे जमीन पर’ या २००७ च्या चित्रपटामुळे पुष्कळांचा येथे घोटाळा होतो. त्यातील ईशानची अडचण मुख्यतः वाचन-लेखनाची, म्हणजे डिस्लेक्सियाची होती. दोन्ही एकत्र असू शकतात, पण एक नव्हेत.

जगभरातील अभ्यासांचा एकत्रित विचार करता, बालपणापासून चालत आलेला एडीएचडी प्रौढांपैकी सुमारे अडीच टक्के लोकांत आढळतो. २०११ च्या जनगणनेत लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ५८ लाखांवर होती. त्यातील निम्मेच प्रौढ धरले, तरी अडीच टक्क्यांच्या हिशेबाने आकडा सत्तर हजारांपलीकडे जातो. हा केवळ कच्चा ताळा आहे. तरीही एवढ्या माणसांना आजवर कोणत्या नावाने ओळखले गेले असेल, हा प्रश्न उरतोच. उत्तर कठीण नाही. विसरभोळा, धांदरट, उतावळा, आळशी आणि सर्वांत दुखावणारे म्हणजे ‘बेजबाबदार’.

मोंढ्यात अशी व्यक्ती ओळखू येते, पण रोगी म्हणून नव्हे. सौद्याच्या वेळी तिच्यासारखी चलाख दुसरी नसते. सोयाबीनचा दाणा हातात घेतल्याबरोबर ओलावा सांगावा, चार खरेदीदारांचे भाव तोंडपाठ असावेत, गिऱ्हाइकाशी क्षणात सूत जुळवावे. गर्दी, गडबड आणि तातडी असली की तिची बुद्धी तेजाळते. दुपारी गर्दी ओसरते. हिशोबपट्ट्या मांडायच्या असतात, बँकेला मालसाठ्याचे विवरण द्यायचे असते, उधारीच्या वसुलीचे चार फोन करायचे असतात. आणि नेमके तेच राहते. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर सोमवारी. माणूस रिकामा बसलेला नसतो. तो दुसरेच काहीतरी झपाट्याने करीत असतो. ज्याला जे आवडते त्यात तासन्‌तास गढून जाणारा हा माणूस ‘लक्ष देऊ शकत नाही’ यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही, आणि गैरसमज वाढतो तो येथूनच. त्याच्यापाशी लक्ष मुबलक असते, ते हवे तेव्हा हव्या त्या कामाकडे वळवता येत नाही.

याचे मोल रुपयांत मोजता येते. मासिक जीएसटी विवरणपत्रे भरणाऱ्या व्यापाऱ्याला ११ आणि २० या दोन तारखा पाळाव्या लागतात. चुकल्यास दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क, व्यवहारच नसलेल्या विवरणपत्रालाही २० रुपये, आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. ही रक्कम सोसता येण्याजोगी असेलही. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याचे प्रकरण अधिक नाजूक असते. मालसाठ्याचे विवरण तीन महिन्यांहून जुने झाले, तर त्यावर आधारलेली उचल रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अनियमित ठरते आणि ती अनियमितता सलग ९० दिवस चालू राहिली, तर खाते अनुत्पादित वर्गात जाऊ शकते. धंदा उत्तम चालू आहे, गोदाम भरलेले आहे, देण्याची नियत स्वच्छ आहे, आणि केवळ एक कागद वेळेवर न गेल्यामुळे तीन पिढ्यांची पत डागाळते. बँकेच्या खिडकीपलीकडून पाहणाऱ्याला दिसते ती फक्त थकबाकी. तिच्यामागे बुडवण्याची वृत्ती आहे की भरकटणारे अवधान, हे खातेउताऱ्यात छापलेले नसते.

येथे जुन्या पेढीची आठवण होणे साहजिक आहे. दिवेलागणीला गल्ला मोजायचा, जमा आणि नावे जुळवायचे, शिल्लक मिळाल्याखेरीज गादी उचलायची नाही, असा दंडक होता. रोजमेळ उद्यावर टाकण्याची सोयच नव्हती. बिले तारेला टोचलेली, समोर लोंबणारी. देणेकऱ्यांची नावे खतावणीत. शेजारी मुनीमजी, समोर काका, आतल्या बाजूला थोरले बंधू. कोणत्या आसामीकडे किती महिने झाले, हे मुनीमजी दिवसातून दोनदा मोठ्याने सांगत. घरातील एखाद्याचे चित्त भिरभिरते असले तरी त्याच्या भोवतीची ही सारी मांडणी त्याला सावरून धरीत असे. आज बिल व्हॉट्सॲपवर येते, पैसे यूपीआयने जातात, साठा संगणकात असतो, भावांच्या पेढ्या वेगळ्या झालेल्या असतात. जे डोळ्यांना दिसत होते ते पडद्याआड गेले, आणि ज्या मोबाइलवर वसुलीचा संदेश पाठवायचा, त्याच मोबाइलवर क्रिकेट, शेअरचे भाव आणि नातेवाइकांचे पाच गट वाट पाहत असतात. हल्ली असे लोक वाढले असे जे म्हटले जाते, त्यातील काही भाग तरी हा आधार सुटल्याचा परिणाम असावा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी या विषयावर विपुल लेखन केले आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा की या व्यक्तींना काय करावे हे ठाऊक असते. ठाऊक असलेले योग्य क्षणी हातून घडत नाही. त्यामुळे उपदेशाचा उपयोग होत नाही. मदत हवी ती जेथे आणि ज्या क्षणी काम करायचे, तेथे आणि त्या क्षणी. मुनीमजी नेमके हेच करीत होते.

कोचिंगची सुरुवात सहसा एका वहीपासून होते. चिठोऱ्या, हाताच्या तळव्यावर लिहिलेले आकडे, मोबाइलमधील तीन निरनिराळी ॲप्स, हे सारे बाजूला ठेवून कामांची एकच वही आणि तारखांची एकच दिनदर्शिका. भिंतीवरील कालनिर्णयही चालते, मात्र मग दुसरीकडे काही लिहायचे नाही. वहीत ‘जीएसटी’ असे लिहिले तर ते काम होत नाही, कारण ते काम नसून डोंगर आहे. ‘दुपारी ३ वाजता विक्रीची बिले काढून सीए साहेबांच्या माणसाकडे पाठवणे’ हे काम आहे. पहिली पायरी इतकी लहान असावी की ती टाळण्याचेच हसू यावे. सकाळी दुकान उघडल्यावर पाच मिनिटे वही पाहायची, आणि तीही चहाचा कप हाती आल्यावरच, कारण चहा कोणी विसरत नाही. ‘अमुक घडले की तमुक करीन’ अशी आधी बांधलेली गाठ नुसत्या निश्चयापेक्षा अधिक टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडले. ती गाठ या माणसांना विशेष उपयोगी पडते.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये स्टीव्हन सॅफ्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधे घेऊनही लक्षणे शिल्लक राहिलेल्या ८६ प्रौढांचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना बारा बैठकांत कामांचे नियोजन, विचलनावरील उपाय आणि विचारांची दिशा बदलणे शिकवले, निम्म्यांना शिथिलीकरण आणि माहिती दिली. पहिल्या गटातील सुमारे दोन तृतीयांश लोकांत लक्षणीय सुधारणा दिसली, दुसऱ्यात एक तृतीयांशांत. या पद्धतीतील एक युक्ती दुकानदाराला आजच करून पाहता येईल. कंटाळवाण्या कामाला बसावे आणि मन किती मिनिटांत उठते ते घड्याळावर मोजावे. अकरा मिनिटे भरली तर अकरा. लाज वाटण्याचे कारण नाही. मग हिशोबपट्ट्यांचे काम अकरा-अकरा मिनिटांत तोडावे आणि गजर लावावा. मध्येच ‘हमालीचा दर विचारायचा राहिला’ असे आठवले, तर उठायचे नाही, फोन उचलायचा नाही. बाजूच्या कागदावर दोन शब्द लिहून हातातल्या कामाकडे परतायचे. गजर झाल्यावर कागद पाहायचा. त्यावरील दहांपैकी सात गोष्टींना घाई नव्हती, हे तेव्हा दिसते.

वेळेच्या अंदाजाचा प्रश्न वेगळाच आहे. ‘दहा मिनिटांत येतो’ असे सांगून गंजगोलाईत गेलेला माणूस दीड तासाने परततो आणि त्याला खरोखरच दहा मिनिटेच झाल्यासारखी वाटतात. तो खोटे बोलत नाही; आतले घड्याळच निराळे चालते. आठवडाभर दोन रकाने ठेवावेत, एकात अंदाज, दुसऱ्यात प्रत्यक्ष. व्यापाऱ्याला रकाने परके नाहीत. तूट कोठे येते ते आठ दिवसांत कळते आणि पुढील अंदाज त्या तुटीसह करता येतो. काट्यांचे मोठे घड्याळ समोर असावे, कारण मोबाइलमध्ये वेळ पाहायला गेलेला माणूस तेथून लवकर बाहेर येत नाही.

ज्यासाठी स्मरणशक्तीची गरजच पडू नये, ते यंत्रावर सोपवणे शहाणपणाचे. वीजबिल, विम्याचा हप्ता, कर्जाचा हप्ता यांना खात्यातून परस्पर वळते करण्याची सूचना एकदाच द्यावी, आणि त्यासाठी वेगळे खाते ठेवून महिन्याच्या आरंभी त्यात रक्कम भरावी. धनादेश तारखेपासून तीनच महिने चालतो. आलेला धनादेश खिशात न ठेवता भरणा-पुस्तिकेतच ठेवावा. किल्ल्या, चष्मा, पाकीट यांना दाराजवळ एक खुंटी आणि एक वाटी. हे वाचताना हसू येईल. ज्या घरात रोज सकाळी किल्ल्यांवरून आवाज चढतात, तेथे ते येणार नाही.

यांहून प्रभावी आणि फुकटचा उपाय म्हणजे सोबत. दुसरी व्यक्ती शेजारी आपले काम करीत शांत बसली, तरी या माणसाचे काम पुढे सरकते. तिने मदत करायची नाही, शिकवायचे नाही, फक्त असायचे. नांदेडच्या वजिराबादेतील दोन दुकानदारांनी शनिवारी दुपारी एकत्र बसून आपापली बिले लावली, तर दोघांचीही लागतील.

मात्र सोबत आणि पहारा यांत अंतर आहे, आणि घरोघरी चूक होते ती येथेच. वडील मुलाचे, किंवा पत्नी पतीची, कोच होऊ शकत नाही असे नाही. पण होताना फार वेळा पोलीस होते. ‘झालं का रे? अजून नाही? मला ठाऊकच होतं,’ या तीन वाक्यांत तीस वर्षांचा इतिहास असतो. ऐकणाऱ्याला त्यातून कामाची आठवण होत नाही, अपमानाची होते, आणि तो आणखी टाळतो. कोच विचारतो ते असे: ‘भरणा कुठपर्यंत आला? पुढचं पाऊल कोणतं? ते किती वाजता घेणार? अडलं तर फोन कोणाला?’ प्रश्न चार, आणि त्यांत ‘का’ एकही नाही. घरात हे जमत नसेल, तर बाहेरचा माणूस बरा. आठवड्यातून ठरल्या वारी वीस मिनिटांची बैठक आणि मध्ये एक फोन, एवढ्यानेही फरक पडतो.

उतावळेपणाचा पैलू व्यापारी घराण्यांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, शेअरबाजाराच्या वायदे-पर्याय व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तीन वर्षांत तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. हे सारे एडीएचडीचे लोक होते, असे कोणीच म्हणणार नाही. पण क्षणाक्षणाला हलणारा आकडा, तत्काळ निकाल आणि हातातच असलेले बटण, ही रचना भिरभिरत्या चित्ताला जणू मापून शिवलेली आहे. अशा व्यक्तीने पेढीच्या खात्यावर दोन सह्यांची पद्धत ठेवावी, मोबाइलवरील व्यवहारांची मर्यादा बँकेकडून कमी करून घ्यावी, आणि ठराविक रकमेवरील कोणताही नवा सौदा एक रात्र वहीत लिहून ठेवून दुसऱ्या दिवशीच करावा. हा अविश्वास समजू नये. आपला पाय कोठे घसरतो हे ओळखणाऱ्याने स्वतःसाठी घातलेला कठडा आहे.

स्त्रियांविषयी स्वतंत्रपणे बोलणे भाग आहे, कारण त्यांचे निदान सर्वांत कमी होते. मुलींमध्ये बाहेर दिसणारी चंचलता कमी आणि आतल्या आत हरवणे अधिक, म्हणून शाळेतही त्या सुटून जातात. लग्नानंतर सून म्हणून पंधरा माणसांचे जेवण, पाहुणे, देवाण-घेवाण, मुलांचे डबे, औषधांच्या वेळा, हे सारे एकाच वेळी डोक्यात धरून ठेवण्याची अपेक्षा असते. नेमकी तीच क्षमता जिच्यात दुबळी आहे, तिला ‘माहेरी वळण लावलं नाही’ असे ऐकावे लागते. पुरुषाला पेढीवर मुनीम मिळतो. तिला कोणी देत नाही. स्वयंपाकघरात आठवड्याचा पदार्थ-तक्ता लावणे, सरत आलेला जिन्नस डबा उघडताक्षणी फळ्यावर लिहिणे, मोठ्या समारंभाची कामे जावा-नणंदांत लेखी वाटून घेणे, हेच येथील कोचिंग.

सामायिकात ४८ मिनिटे स्थिर बसता येत नाही म्हणून स्वतःला अधार्मिक मानणारेही आहेत. हा भावनेचा दोष नव्हे. कॅलिफोर्नियात डॉ. लिडिया झायलोव्हस्का यांनी २००८ मध्ये एडीएचडीच्या प्रौढ आणि किशोरांवर सजगतेच्या ध्यानाचा आठ आठवड्यांचा एक लहान प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात आरंभ पाच मिनिटांच्या बैठकीने होता आणि चालत ध्यान करण्याचीही मुभा होती. अनेकांना लाभ झाला. माळेचा आधार, हळू चालत जप, मोठ्याने पठण यांनी सुरुवात करण्यास हरकत नसावी. आपल्या परंपरेतील मर्यादा साधू-साध्वींना विचारून घ्याव्यात.

औषधांबाबत भीतीही अनाठायी आणि बेफिकिरीही. मिथाइलफेनिडेट हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही. त्यावर कायद्याचे कडक नियंत्रण आहे. ते भूक कमी करते, रक्तदाब वाढवू शकते आणि उशिरा घेतले तर झोप उडवते, म्हणून ते सहसा सकाळी देतात. ॲटोमॉक्सेटिनचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. येथे जैन घरांतील दोन बाबी डॉक्टरांना आपण होऊन सांगाव्यात. चौविहार, पोरसी, आयंबिल किंवा दीर्घ उपवास असेल, तर औषधाची वेळ आणि मात्रा त्यांना ठरवू द्यावी. परस्पर बंद करू नये. आणि कॅप्सूलचे वेष्टन बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, त्यामुळे गोळीच्या स्वरूपातील पर्याय आहे का, हे आधीच विचारावे. कित्येक घरांत औषध कोणाला न सांगता बंद पडते, त्यामागे हे न विचारलेले प्रश्न असतात.

कोच निवडताना व्यापाऱ्याची नजर ठेवावी. आपल्याकडे कोणीही स्वतःला कोच म्हणवू शकतो. त्यासाठी परवाना लागत नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञांकडून निदान, मगच कोचिंग. थायरॉइडचा विकार, अपुरी झोप, घोरण्याचा आजार, नैराश्य, चिंता यांतही लक्ष उडते, आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे पाहावे. वर्षाचे शुल्क आगाऊ मागणाऱ्याला, ‘मुळापासून बरे करतो’ म्हणणाऱ्याला किंवा डॉक्टरांचे औषध बंद करायला सांगणाऱ्याला नमस्कार करून परतावे.

लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे मानसोपचार विभागाची सोय आहे. मुलांच्या लग्नाच्या वयात घरातील कोणाचे नाव मानसोपचाराच्या रांगेत दिसू नये, या धास्तीने पावले अडतात, हेही खरे. त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, शुल्क नाही, आणि मराठीतून बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय राखणे बंधनकारक आहे. पहिल्या भेटीला जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मिळाली तर न्यावीत. बाराव्या वर्षापूर्वीचा पुरावा त्यांतील शिक्षकांच्या शेऱ्यांत सापडतो. ती नसतील, तर लहानपण पाहिलेली आत्या किंवा थोरली बहीण बरोबर असावी. आणि भेटीची तारीख घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी दिनदर्शिकेतही लिहून ठेवावी.